पिवळा पडदा

"तो करडा पडदा आधी उतरवा," असं सर खालून म्हणाले, तेव्हा फोटोवाली शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी होती. दोन चिमटे तोंडात, एक हातात आणि पडद्याचं टोक काखेत. तोंडात चिमटे धरून माणसाला भांडता येत नाही. ती खाली उतरली, चिमटे खिशात टाकले आणि जमेल तितक्या गोड आवाजात म्हणाली की समोर निळं पाणी, मुलींच्या अंगात गडद निळे टीशर्ट, त्यांच्यामागे करड्यासारखा रंग नाही. मुली उठून दिसतील.

सरांनी ऐकून घेतलं. ते सगळ्यांचंच ऐकून घेत. मुलींच्या पोहण्याच्या संघाचे ते प्रशिक्षक, पण त्यांना ओरडताना कुणी पाहिलं नव्हतं. गळ्यातली शिट्टीसुद्धा ते बेतानेच वाजवत. त्यांच्या हातात कापडाची एक जाड घडी होती, ती त्यांनी उलगडून शिडीवर टाकली. पिवळं कापड. साधंसुधं नव्हे, पिकल्या लिंबासारखं दणदणीत पिवळं, आणि चारी कडा दुमडून नीट शिवलेलं.

"हा लावा. भिंतीच्या मापानं शिवून घेतलाय."

पडद्याबद्दल मत असलेली गिऱ्हाइकं फोटोवालीला वीस वर्षांत पुष्कळ भेटली होती. कुणाला डोंगर हवा, कुणाला कारंजं, एका बाईंना तर विमानाचा जिना हवा होता. पण स्वतःच पडदा शिवून घेऊन येणारं गिऱ्हाईक हे पहिलंच. तिने वर पाहिलं. तलावाच्या इमारतीला छपराखाली काचांची लांबच्या लांब रांग होती. परवा ती जागा बघायला आली तेव्हा तिथून छान मऊ उजेड येत होता आणि तिने तो मनात धरूनही ठेवला होता. आज काचांवर आतून खाकी कागद चिकटवलेला होता.

"पाण्यावरून ऊन डोळ्यांत येतं मुलींच्या," तिने न विचारताच सर म्हणाले. मग त्यांनी कोपऱ्यातले दोन उंच दिवे दाखवले, जुन्या पद्धतीचे, पिवळ्या उजेडाचे. तिचा फ्लॅश नको होता. फ्लॅशने म्हणे मुली डोळे मिटतात.

तिने एकदा सांगून पाहिलं की पिवळे दिवे आणि मागे पिवळा पडदा म्हणजे त्याची झाक तोंडावर येणार, सगळ्या पोरी वरणात बुडवून काढल्यासारख्या दिसणार.

"येऊ दे की. ऊबदार दिसतं," सर म्हणाले. "गेल्या वर्षीच्या फोटोवाल्यानं पांढराफटक उजेड मारला होता. पोरी दवाखान्यातून उठून आल्यासारख्या दिसत होत्या. पालक घाबरले उगाच."

एरवी तिने बॅग उचलली असती. तिच्या जिभेला हाड नव्हतं, हे गावभर माहीत होतं. पण आज गप्प बसण्याला कारण होतं. संघातल्या अकरा मुलींमध्ये एक तिची भाची होती, दादाची मुलगी. पाण्यात गर्रकन वळायची म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. रविवारी मोठ्या स्पर्धेसाठी निवड होती, अकरांतून चार जणी जाणार होत्या, आणि आयुष्यात कधी आठच्या आत न उठलेला दादा गेले सात महिने पहाटे साडेचारला उठून पोरीला स्कूटरवरून तलावावर सोडत होता. हे काम दादानेच मिळवून दिलं होतं. निघताना त्याने बजावलं होतं, सरांशी हुज्जत घालू नकोस, पोरीचं नशीब त्यांच्या हातात आहे. तेव्हा तिने करडा पडदा गुंडाळला आणि पिवळा लावला.

मुली आल्या. चौदा-पंधरा वर्षांच्या अकरा मुली एका खोलीत शिरल्या की कानांवर हात ठेवायची वेळ येते, हा तिचा अनुभव. शाळेच्या फोटोंच्या वेळी तिचा निम्मा घसा 'गप्प बसा गं' म्हणण्यात जायचा. इथे तशी वेळच आली नाही. मुली ओळीने आल्या, बाकावर बसल्या, मागच्या उभ्या राहिल्या. कुणी कुणाची वेणी ओढली नाही. उंच कप्तान मुलगी भिंतीला पाठ टेकून उभी राहिली आणि तिला पुढे यायला सांगितलं तेव्हा आधी तिने डोळे मिटून एक श्वास घेतला, मग आली. मधली एक मुलगी सारखी हात खाजवत होती. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक ओरखडे होते.

"पाण्यातल्या औषधानं होतं," सर म्हणाले. "डोळेही लाल होतात. तुम्ही जवळून नका घेऊ फार."

फोटोवालीने तरी चेष्टा करून पाहिली. हसा, नाहीतर सगळ्यांना मिशा काढीन, असं म्हणाली. शाळेत या वाक्याला हमखास खसखस पिकायची. इथे मुलींनी आधी सरांकडे पाहिलं, सरांनी मान हलवली आणि मग अकराच्या अकरा हसल्या. फक्त भिंगरीने जाता जाता तिच्या कानाशी तोंड आणलं आणि पुटपुटली, "आत्या, माझं नाक जरा बारीक कर हं." तेवढं एक वाक्य ऐकून तिला बरं वाटलं.

संघाचा मोठा फोटो झाला. मग ओळखपत्रांसाठी एकेकीचे. स्पर्धेच्या कचेरीचा नियम स्पष्ट होता, ओळखपत्रावर मागची बाजू कोरी पांढरी हवी. तिने पांढरा कागद काढलाही होता. सरांनी तो तिच्या हातून अलगद घेतला, पुन्हा गुंडाळला आणि म्हणाले की फोटो याच पडद्यासमोर काढा, मागचं कापून पांढरं लावा आणि तोंडं नीट करा, काँप्युटरवर तेवढं येतं की तुम्हाला. उद्या पाचपर्यंत कचेरीत पोचले पाहिजेत. मुलींची माहिती लिहिलेले अकरा छापील कागद त्यांनी तिच्या हातात दिले आणि दार उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टुडिओत कामाला बसली. स्टुडिओ वडिलांचा. तिथे बसून ती त्यांच्या हाताखाली काळ्या-पांढऱ्या फोटोंना हाताने रंग भरायला शिकली होती, आणि रंगाच्या बाबतीत ती स्वतःला कमी समजत नसे. वडील सांगायचे, रंग नीट करायचा तर फोटोतल्या पांढऱ्या कपड्यावर कधी जाऊ नये. धुण्यात नीळ पडलेली असते, पांढरं कापड फसवतं. ओळखीच्या माणसाची कातडी धरावी, ती फसवत नाही.

ओळखीचं माणूस इथे आयतं होतं. भिंगरीला तिने जन्माच्या दुसऱ्या दिवसापासून पाहिलं होतं, तिचे फोटो किती काढले त्याला गणती नाही. तिचा गव्हाळ रंग आत्याला डोळे मिटून सांगता आला असता. तिने भिंगरीचा फोटो उघडला, मागचा पिवळा पडदा कापला, पांढरं लावलं आणि तोंडावरची पिवळी झाक हळूहळू उतरवत नेली, पार अगदी आपली भिंगरी दिसेपर्यंत. बऱ्याच खालपर्यंत न्यावी लागली. मेले दिवेच होते तसे. शेवटी पोरगी दिसली तशी दिसली, नाकासकट. टीशर्टची पांढरी कॉलर मात्र चांगलीच निळसर झाली होती. वहिनी नीळ घालताना हात सैल सोडतात, हे तिला माहीत होतं. तिने हसून फोटो बाजूला ठेवला.

मग तेच माप तिने बाकी दहा फोटोंना लावलं. दिवे तेच, पडदा तोच, कॅमेरा हललेला नाही, मुली एकाच खुणेवर उभ्या होत्या. एकीचा रंग नीट झाला की सगळ्यांचा व्हायला हवा.

सहा जणींचा झाला. चौघींचा झाला नाही.

तिला आधी आपलंच काहीतरी चुकलं असं वाटलं. तिने पुन्हा लावलं. कप्तान मुलगी पिवळीच राहिली. हात खाजवणारी पिवळी राहिली. आणखी दोघी. तिने कप्तानचा चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला, एवढा की काँप्युटरच्या पडद्यावर नुसता एक डोळा मावत होता. पाण्यातल्या औषधाने डोळा लाल होतो, हे तिलाही ठाऊक होतं. हा लाल नव्हता. बुबुळाभोवतीचं सगळं पांढरं जुन्या हस्तिदंती फणीसारखं पिवळं झालं होतं, कडेकडेला तर गडद. दुसरीचा तसाच. तिसरीचा तसाच. चौथीचा पाहायला तिने हात पुढे केला आणि मागे घेतला.

ती उठून पाणी प्याली. काँप्युटरवर एका बोटाच्या इशाऱ्यात ते डोळे पांढरे झाले असते. रोज कुणाचा मुरूम, कुणाचा व्रण, कुणाचं टक्कल ती असंच पुसत होती. सरांना तेच हवं होतं, आणि तेही त्यांनी कसं सांगितलं होतं, 'तोंडं नीट करा'. शिवलेला पडदा, काचांवरचे कागद, आपल्या हातून काढून घेतलेला पांढरा कागद, सगळं तिच्या डोळ्यांपुढे ओळीने येऊन उभं राहिलं. माणूस आवडीसाठी पडदा आणतो, ते ठीक. पण काचा कशाला बुजवतो?

तिने गेल्या वर्षीच्या फोटोवाल्याला फोन लावला. दोघांचं फारसं सख्य नव्हतं, एकाच पेशातल्या दोघांचं असतं तितपतच होतं. तिने इकडचं तिकडचं न बोलता विचारलं की त्या मुलींचे फोटो सरांना का आवडले नाहीत.

"मी पांढऱ्या उजेडात काढले होते," तो म्हणाला.

"मग मुली कशा दिसत होत्या?"

"होत्या तशा," तो म्हणाला. मग त्याने सांगितलं की तो दोन मुलींबद्दल सरांशी बोलला होता. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं, आभार मानले होते आणि पुन्हा बोलावलं नव्हतं. त्या दोघींपैकी एक पोहणं सोडून गेली असं नंतर कानावर आलं. दुसरी वारली. कावीळ झाली म्हणाले, बाहेरचं पाणी प्यायली असेल. त्याने फोन ठेवण्याआधी विचारलं, "तुमच्या घरचं कुणी आहे का त्यांत?"

ती हो म्हणाली. मग घाईघाईने म्हणाली की आमची नीट आहे, मी पाहिलंय. स्वतःच्या आवाजातला तो आनंद तिला ऐकू आला आणि तिला स्वतःची लाज वाटली.

दादाचं घर दहा मिनिटांवर. त्याला आज सुट्टी होती. ती पोचली तेव्हा तो खुर्चीत बसून भिंगरीच्या पोहण्याच्या चष्म्याचा तुटलेला पट्टा शिवत होता. वहिनी धुतलेले कपडे दोरीवर टाकत होत्या. भिंगरी आतल्या खोलीत झोपली होती. आजकाल पोरगी सरावावरून आली की जी आडवी होते ती जेवायलासुद्धा उठत नाही, असं वहिनी म्हणाल्या. दादा म्हणाला, मेहनत करते, झोपणारच.

फोटोवालीने चौघींचे फोटो टेबलावर मांडले. काय झालं ते सगळं सांगितलं, पडद्यापासून फोनपर्यंत. दादाने एकेक फोटो उचलून लांब धरून पाहिला, चष्मा लावून पाहिला, खाली ठेवला.

"सर त्यांना काही देतात का रे?" तिने विचारलं.

देतात, दादा म्हणाला. लपवण्यासारखं काही नाही त्यात. ताकदीच्या गोळ्या असतात, सराव झाल्यावर सर स्वतः हातावर ठेवतात. नवीन मुलींना नाही देत. निवड झाली की मग सुरू करतात. त्याने तशा कागदावर सहीसुद्धा केलेली होती, सोमवारपासून भिंगरीलाही मिळणार होत्या. सांगताना त्याच्या आवाजात जरासा तोरा होता, तो त्याला स्वतःला कळला असावा, कारण पुढचं तो खाली बघून बोलला.

"भिंगरीचा फोटो कसा आलाय?"

"स्वच्छ. तिच्या रंगावरूनच तर मी बाकीच्या लावल्या."

"मग झालं तर," दादा म्हणाला आणि पुन्हा सुई उचलली.

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्याच टेबलावर चार मुली पडल्या होत्या, चार घरांतल्या, आणि तो पट्ट्याला टाके घालत होता. ती चिडली. जिभेवर आलं ते सगळं बोलली. तुझी पोर सोमवारी या रांगेत उभी राहणार आहे, त्यावर तू सही करून बसलास, तुला झोप कशी येते, असं बरंच. दादाने ओरडून उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "रविवार होऊ दे. निवड झाली की मी गोळ्यांना नाही म्हणेन. आत्ता बोललो तर सात महिने पाण्यात जातील गं. तू ते फोटो नीट करून दे फक्त. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. रिकामी बादली त्यांच्या हातात तशीच होती. त्यांना बघून फोटोवालीला घरातलं हे भांडण कसंतरीच वाटलं. वहिनींसमोर दादावर तोंड टाकायचं नाही, असा तिचा तिनेच घालून घेतलेला नियम होता. तिने आवाज खाली आणला आणि काहीतरी हलकं बोलायचं म्हणून पिशवीतून भिंगरीचा फोटो काढून त्यांच्या पुढे धरला.

"बघा तुमची लेक. आणि वहिनी, किती ती नीळ घालता हो? कॉलर बघा, आभाळ झालंय नुसतं."

वहिनींनी फोटो घेतला. ओल्या हाताने कोपरा भिजला, तो त्यांनी पदराला पुसला.

"नीळ कुठली, वन्सं?" त्या म्हणाल्या. "हा टीशर्ट सरांनी कालच सकाळी दिला सगळ्यांना. कोरा होता. अजून पाण्यात पडला नाही. आता टाकणार होते."

दोरीखालच्या खुर्चीवर तो टीशर्ट होता. फोटोवालीने तो उचलून दारातल्या उजेडात नेला. कॉलर पांढरी होती. दुधासारखी, कागदासारखी, कुठल्याही नव्या कापडासारखी पांढरी. तिने कॉलरकडे एवढा वेळ पाहिलं की दादाची सुई थांबली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

कालच्या त्या दिव्यांत, त्या पडद्यासमोर हीच कॉलर होती. तोंडावरचा पिवळा उतरवता उतरवता ही निळी होत गेली, म्हणजे दिव्यांचा जेवढा पिवळा उतरवायचा त्याहून जास्त उतरवला गेला. जास्तीचा पिवळा दिव्यांचा नव्हता. तो पोरीच्या तोंडावरचा होता. आपण माप म्हणून जो चेहरा धरला तोच मुळात खरा नव्हता, आणि त्या चेहऱ्याशी जुळल्या म्हणून सहा जणींना आपण धडधाकट ठरवून मोकळ्या झालो. चार नव्हेत. अकरा. तिने दाराची चौकट धरली.

"भिंगरीला उठव," ती म्हणाली.

"अगं, झोपलीय ती."

"दादा, उठव तिला."

भिंगरी केस विस्कटलेली, डोळे चोळत बाहेर आली. आत्याला बघून हसली. नाक बारीक केलंस का, असं विचारणार होती बहुतेक, पण आत्याने तिला दंडाला धरून अंगणात नेलं, दुपारच्या उघड्या उजेडात, आणि त्या कोऱ्या टीशर्टची पांढरी कॉलर तिच्या गालाला लावून धरली. वहिनी जवळ आल्या. दादाही आला. कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. तिने भिंगरीला वर बघायला सांगितलं आणि अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढली. रोज पहाटे अंधारात निघणारी आणि संध्याकाळी पडदे ओढून झोपणारी पोर. सात महिन्यांत घरातल्या कुणी तिला भर उन्हात निरखून पाहिलंच नव्हतं.

"तू घेतेस त्या गोळ्या?" वहिनींनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता, भूक लागली का विचारल्यासारखा.

भिंगरीने बापाकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"सगळ्याच घेतो. सर म्हणाले घरी नाही सांगायचं, आया घाबरतात." मग ती म्हणाली, "मला दोनच महिने झालेत, आई. कप्तानला वर्ष झालं."

दादा पायरीवर बसला. त्याच्या हातात पट्टा होता, सुई अजून दोऱ्याला लोंबत होती. मग त्याने मान वर न करताच म्हटलं, "दुपारचं ऊन आहे. उन्हात सगळंच जरा पिवळं दिसतं." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. वहिनींनी बादली खाली ठेवली, भिंगरीच्या पायांपुढे चपला सरकवल्या, स्वतःच्या घातल्या आणि दवाखान्याची जुनी फाईल घ्यायला आत गेल्या. बाहेर येताना त्यांनी स्कूटरची किल्ली दादाच्या मांडीवर टाकली. तो उठला. उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला, आणि फोटोवालीला त्याच्यावर रागावायचं होतं ते रागावता आलं नाही.

ती तिघं गेली. फाटक उघडंच राहिलं. फोटोवाली टेबलापाशी येऊन बसली. पिशवीतून तिने मुलींच्या माहितीचे ते अकरा कागद काढले. नाव, जन्मतारीख, आईचा फोन. भिंगरीचा कागद बाजूला ठेवला तेव्हा दहा उरले. त्यांतल्या सहा घरांना काही सांगायचं तिच्या मनातही आलं नसतं, कारण सहा जणी तिच्याच मापाने चांगल्या ठरल्या होत्या, आणि कुणी विचारलं असतं तर आज सकाळी तिने तसं छातीठोक सांगितलंही असतं. सर काय म्हणतील, गावात काय बोलतील, कुणाकुणाची निवड जाईल, हे सगळं मनात येऊन गेलं. घड्याळात अडीच वाजले होते. पाचला फोटो कचेरीत पोचायला हवे होते.

तिने सगळ्यात वरचा कागद घेतला. हात खाजवणाऱ्या मुलीचा होता. घसा खाकरून तिने नंबर लावला. दोनदा घंटी वाजली आणि पलीकडे एका बाईने उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. फोटोवालीने आपण कोण ते सांगितलं.

"अय्या, तुम्ही होय," बाई खुशीत म्हणाल्या. "कालपासून लेक सांगतेय, फोटो काढले म्हणून. कशी आलीय हो आमची?"